खिंडीतला जांभा

मोहाची फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत त्यांचा तो गोड, किंचित आंबूस, डोकं जड करणारा वास साऱ्या रानावर पसरतो, आणि चैत्रातल्या अशा प्रत्येक पहाटे मला मृणालताई दिसतात. फडक्यात गुंडाळलेला एक दगड तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून खिंड चढणाऱ्या.

मी मूळची कोकणातली. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन वडशाला आले. समुद्राच्या ओलसर वाऱ्यावर वाढलेल्या मला गडचिरोलीचं हे साग-तेंदूचं रान कितीतरी दिवस परकंच वाटायचं. पानगळीत तर स्वतःच्या पावलांच्या आवाजानेही दचकायचे. निघताना आईने अंगणातल्या पायरीच्या जांभ्याचा एक तुकडा ओटीत घातला होता. भीती वाटली की मी तो मुठीत धरायचे. त्याची खरखर तळव्याला लागली की जीव थोडा थाऱ्यावर यायचा. भूजलाच्या सर्वेक्षणाच्या तळावर स्वयंपाकाला लागले तेव्हाही तो पदराच्या गाठीत होताच. मृणालताई तिथल्या भूवैज्ञानिक. संध्याकाळी चुलीपाशी बसून त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. आज ही चार वाक्यं नीट उतरताहेत, ती त्यांची कृपा.

तरुणपणी त्यांना शस्त्रांच्या चाचणीसाठी जमीन पारखायचं काम आलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. बरोबरीचे लोक मोठ्या शहरांतल्या मोठ्या खुर्च्यांवर गेले आणि ताई इथे, गावोगावी पाण्याच्या जागा शोधत. "शिक्षा म्हणून धाडलं मला," त्या हसून सांगायच्या, "आणि शिक्षा काय, तर इतक्या पुरातन दगडांवरून रोज चालायचं!" जंगलात जाताना सोबत बंदुकीचा पहारा घ्यायला मात्र त्या कधीच तयार होत नसत. आमच्या जीपचे चालक रशीदभाऊ त्यांना चिडवायचे, "बाई, तुमची हातोडी पाहूनच लोक पळून राह्यले, तुम्हाले बंदूक कायले पायजे?"

त्या वर्षी खिंडीपलीकडच्या एका गोंड गावासाठी जागा ठरवायची होती. गावातल्या बाया ओढ्याच्या वाळूत खड्डा करून वाटी-वाटीने गढूळ पाणी भरत. बोअरची गाडी त्याच आठवड्यात त्या भागात येणार होती. जागा ठरली नाही तर ती पुढे निघून जाणार, आणि गावाचा उन्हाळा तसाच कोरडा जाणार. पहिल्या दिवशी परतताना, खिंडीत वाटेच्या कडेला रचलेल्या दगडांच्या ढिगापाशी ताई थबकल्या. त्यातल्या एका दगडावर झाडाच्या खोडासारखी वलयं होती. कुण्या काळी झाड असलेला तो दगड. "हा इथला नाहीच," त्या हरखून म्हणाल्या, "हा सिरोंच्याकडचा! इथवर आला कसा?" आणि नेहमीच्या सवयीने, चिठ्ठी लावून, त्यांनी तो पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी वाटेवर आडवं झाड टाकलेलं होतं. पलीकडे उभ्या माणसांनी खिंडीतल्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि एवढंच सांगितलं, "वापस जा."

कार्यालयातून निरोप आला, पोलीस बंदोबस्त घ्या आणि काम उरका. ताई बराच वेळ त्या दगडाकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी, आणि बंदुका त्यांच्यासमोर? बंदुकीच्या धाकाने काढलेलं पाणी त्या बायांनी कसं प्यावं?" उजाडताच तो दगड घेऊन चालत जायचं त्यांनी ठरवलं. रशीदभाऊंनी हात जोडले. "मी नाई येत, बाई. मले लहान लेकरं हायेत. तुम्ही बी नका जाऊ." त्यांचं काही चुकलं नाही. भीती मलाही होती, पण ताईंना एकटं जाऊ द्यायची भीती त्या भीतीहून मोठी निघाली.

आडव्या झाडाशी ताईंनी हातोडी खाली ठेवली आणि भुईवर बसल्या. न बोलावता आत जायचं नाही, हा तिथला रिवाज त्यांना ठाऊक होता. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा लालसूबाबा आले, गावचे म्हातारे पाटील, आणि त्यांच्यामागे गावातल्या काही बाया. ताईंनी फडकं सोडलं.

"काऊन नेला वं बाई?" म्हाताऱ्याचा आवाज रागाने नव्हे, दुःखाने कापत होता. "माह्या मायचा गोटा हाय तो. सिरोंच्याकडून नवरी होऊन आली, तवा आणला तिनं."

तेव्हा कळलं की लांबून येणारी प्रत्येक नवरी माहेरचा एक दगड त्या खिंडीत ठेवते आणि मगच गावात पाऊल टाकते. ताई भूगर्भाचा इतिहास शोधत होत्या आणि हातात आलं होतं कुणाचं तरी माहेर. त्या दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं, बाबा. पण विचारायला हवं होतं." आम्ही सगळे खिंडीत गेलो. ताईंनी दगड जागच्या जागी ठेवला. म्हाताऱ्याने त्यावरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे वळला. "तू कुठची वं? बोली तं इकडची नाई दिसत."

"समुद्राकाठची," मी म्हटलं.

"मंग तुहा गोटा कुठी हाय?"

एका म्हातारीने फिदीफिदी हसत टोमणा मारला, "तिची माय विसरली असंल!"

माझी माय विसरली नव्हती. मी पदराची गाठ सोडली. मूठ उघडताना क्षणभर वाटलं, आता भीती वाटली तर काय धरू? मग तो लाल, सच्छिद्र तुकडा त्या करड्या ढिगावर ठेवला. म्हातारीने माझ्या रिकाम्या तळव्यावर मोहाची चार फुलं ठेवली, आणि लालसूबाबा ताईंना म्हणाले, "चाल, तुले कुठी पाहायचं हाय ते पाहा."

आज त्या गावात हापसा आहे. ताई निवृत्त होऊन गेल्या. त्यांच्या नावाची पाटी कुठेही नाही, आणि तरी हापशाचा तो करकर आवाज ऐकला की माझी मान ताठ होते. खिंडीतून जाताना मी थांबते. जांभ्यावर आता शेवाळ धरू लागलंय. फार फार पुढे, आम्ही कुणीच नसताना, ताईंसारखीच एखादी इथे थबकेल आणि हरखून म्हणेल, हा इथला नाहीच. कुठल्या नदीने आणला, कुठल्या लाव्हाने, याचा ती विचार करत बसेल.

तिने कुणाला तरी विचारावं, एवढंच वाटतं.