आत्याच्या एका शब्दाला उत्तर

न्यूरोलॉजिस्टनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, डाव्या बाजूच्या डागावर पेन टेकवलं आणि निदान सांगितलं : ग्लोबल अफेझिया. मेंदूच्या ज्या भागात भाषा असते, त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला होता. अशा रुग्णाला बोलता येत नाही आणि समोरच्याचं बोलणंही पुरतं कळत नाही. उजवा हात आणि पाय आधीच लुळे पडले होते.

रुग्ण म्हणजे माझी आत्या. एटापल्ली तालुक्यातल्या उपकेंद्रात तिने आयुष्यभर नर्सची नोकरी केली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर गडचिरोलीत एकटी राहायची.

"आजी, नाव काय तुमचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जय भीम."

"पाणी हवंय?"

"जय भीम."

याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात, असं त्यांनी समजावलं. जन्मभराच्या सवयीने तोंडात बसलेला एखादा शब्द अशा झटक्यातून कधी कधी वाचतो. कोणाची शिवी वाचते, कोणाचं देवाचं नाव. आत्याचा नमस्कार वाचला होता. "हा शब्द जपा," ते म्हणाले. "उत्तर मिळालं नाही तर पेशंट बोलणं सोडतो. मग हाही जाईल."

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा जावई मला म्हणाला, "आजी पार्टीच्या हायेत का?" त्याला हा विनोद वाटला. वॉर्डातल्या आणखी काहींनाही वाटला.

घरी ठेवणं जमणार नव्हतं. मी चंद्रपुरात वर्तमानपत्राच्या डेस्कवर, माझी नोकरी संध्याकाळी सुरू होते. नवरा कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात, शिफ्टमध्ये. आत्याची कूस बदलायलासुद्धा दोन माणसं लागत. "आपल्या माणसाला असं कोणी बाहेर ठेवतं का?" असं विचारणारे नातेवाईक पुष्कळ निघाले. त्यांच्यातलं कोणी कूस बदलायला आलं नाही.

चंद्रपूरबाहेरच्या पहिल्या वृद्धसेवा केंद्राच्या माहितीपत्रकावर हसऱ्या वृद्धांचे फोटो होते. ते वृद्ध तिथले नव्हते. एवढे दात तिथे कोणालाच नव्हते. मॅनेजरने आत्याचं आडनाव विचारलं, मग गाव, मग पुन्हा आडनाव. "आमच्याकडे भेदभाव नाही मॅडम," हे त्याने कोणी न विचारता सांगितलं. सकाळची प्रार्थना सगळ्यांना सक्तीची होती.

"जय भीम," आत्या त्याला म्हणाली.

तो माझ्याकडेच बघत होता. "यांना त्याऐवजी हरि ओम शिकवता येईल का? बाकीच्यांना बरं वाटेल."

"आत्याला पाणीसुद्धा म्हणता येत नाही."

"प्रयत्न तर करून पाहा."

व्हीलचेअर तिथूनच गाडीकडे वळवली.

दुसरं केंद्र गडचिरोलीत. आत शिरताच बाबासाहेबांची मोठी तसबीर आणि तिला ताजा हार. संचालक पांढऱ्या कुर्त्यात होते. समता, करुणा, मानवी प्रतिष्ठा या विषयांवर ते चांगलं बोलले. आत्या मध्येच "जय भीम" म्हणाली, तेव्हा त्यांनी तसबिरीकडे हात केला आणि भाषण पुढे चालू ठेवलं. तसबीर हा पुरावा नसतो, हे डेस्कवर काम करणाऱ्या माणसाला तरी कळायला हवं. मला हार दिसला. आत्याला तिथे ठेवलं.

त्यानंतरच्या भेटीत ती गप्प होती. पुढच्या भेटीतही. डोळे उघडे, तोंड बंद.

"आता खूप शांत झाल्यात," संचालक म्हणाले. ही त्यांच्या हिशेबी प्रगती होती.

काय झालं ते तिथल्या आयाबाईंनी सांगितलं. "सुरुवातीले लय जय भीम, जय भीम करे. कोनी दारातून गेलं का जय भीम. किती वेळा उत्तर देईन मानूस? मंग आमी ध्यान देनंच सोडलं."

तसबिरीचा हार मात्र रोज बदलला जात होता. आत्याला त्याच दिवशी बाहेर काढलं.

तिसरं घर वडशाला, रेल्वे फाटकाजवळ, धानाच्या जुन्या गोदामात. फिनाईलचा वास होता, भिंतीवर तांदळाच्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर. पावसाळ्यात छत गळतं, हे मालकीणबाईंनी आधीच सांगून टाकलं. या धंद्यात ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य.

ओसरीवर डोमाजी नावाचा, तिथेच राहणारा म्हातारा बसला होता. झाडीपट्टीच्या नाटकांत जन्मभर हसवायची कामं केलेला, आता दोन्ही गुडघे गेलेला. "बाई काऊन बोलत नाई?" त्याने विचारलं. एकच शब्द उरला होता, जय भीम, आणि तोही बंद झालाय, असं मी सांगितलं.

"असं होय. जय भीम, बाई."

आत्या गप्प.

"आमच्या घरी रामराम चालते, तरी तुमच्यासाठी म्हनून राह्यलो. जय भीम!"

गप्प.

डोमाजी माझ्याकडे वळला. "नाटकात समोरच्यानं वाक्य टाकलं आन आपन गप राह्यलो, तर पब्लिक खुर्च्या फेकते. ह्या बाईनं किती वाक्यं टाकली असतीन! कोनी एक उचललं नाई. आता फेकाची पाळी तिची हाये." मग तो आत्याकडे झुकला. "फेका बाई, काय फेकाचं ते. जय भीम!"

आत्याने मांडीवरचा टॉवेल डाव्या हाताने उचलला आणि त्याच्या तोंडावर भिरकावला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जय भीम."

"शिवी देल्ली," डोमाजी टॉवेल घडी करत म्हणाला. "बाईले ठेवा इथीच."

छत खरंच गळतं. आत्याचे शब्द वाढलेले नाहीत, आणि आता वाढतील असं डॉक्टरांना वाटत नाही. डोमाजीला तिचं सगळं समजतं, हेही खरं नाही. तिला पाणी हवं असतं तेव्हा तो पंखा लावायला सांगतो. मग ती त्याच एका शब्दात त्याला झापते, उपकेंद्रात लसीकरणाला उशिरा येणाऱ्यांना झापायची तशी, आणि तो ऐकून घेतो. डोमाजीचे आणि मालकीणबाईंचे माझ्यावर उपकार आहेत. बाकी कोणाचे नाहीत.

ज्यांना आता अशी जागा शोधायची आहे, त्यांना एवढंच सांगते. माहितीपत्रक घरीच ठेवा, रुग्णाला सोबत न्या. तिथला माणूस कोणाकडे बघून बोलतो ते पाहा.

मागच्या भेटीत ओसरीवर बसले असताना फोन वाजला. गडचिरोलीचे संचालक होते. केंद्रात जागा रिकामी झाली होती. आत्यांची त्यांना फार आठवण येते, म्हणाले. मी फोनचा स्पीकर चालू केला आणि तो आत्यासमोर धरला.

"जय भीम," आत्या म्हणाली.

"हो, हो, बरं," संचालक म्हणाले. "जरा मॅडमकडे द्या फोन."

"जय भीम, बाई," डोमाजी म्हणाला.