रंगूनचा साग आणि बाबली मेस्त्री

बाबली मेस्त्रींना मी ओळखत होतो असं म्हणायला मन धजत नाही. त्यांचं मूळ गाव कुठलं, मुलं किती, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मालवणात लाकडाच्या वखारीत मी कारकून होतो आणि ते होड्या बांधायचे, एवढाच संबंध. मला लिहायची सवय नाही. पण त्या माणसानं मला जेवढं वैतागवलं तेवढं वखारीच्या मालकानंही नाही, म्हणून लिहितो.

मेस्त्रींना होडीसाठी ब्रह्मदेशचा, म्हणजे रंगूनचाच तेलकट, पाण्यात न कुजणारा साग लागे. दुसऱ्या महायुद्धाआधी तो भरपूर यायचा. पुढे आटत गेला आणि त्याच्या जागी आपल्याच देशातला मलबारचा साग पडावांतून, म्हणजे मालाच्या गलबतांतून येऊ लागला. मी वहीत दोन रकाने आखले होते. एक्कावन्न साली रंगूनचे एकशे चाळीस ओंडके, मलबारचे तीस. बासष्ट साली रंगूनचे नऊ, मलबारचे दोनशे. मात्र मलबारच्या ओंडक्यांचा घेर साडेपाच फुटांवरून चारावर आला होता. तिकडचीही जुनी झाडं संपत चालली होती. हे मी मेस्त्रींना कितीदा वाचून दाखवलं! ते मलबारच्या ओंडक्याचा ढलपा काढायचे, हुंगायचे आणि फेकून द्यायचे.

"आकडे माका सांगू नको, कारकुना. ह्येच्यात तेल खंय आसा?"

चौसष्टच्या वैशाखात शेवंती मालंडकरची होडी बांधायची होती. नवरा वारलेला, जुनी होडी फुटलेली. नारळी पौर्णिमेला नवी होडी पाण्यात गेली नाही, तर तिचे आठही खलाशी दुसऱ्याकडे जाणार होते. पावसाआधीचा शेवटचा पडाव लागला. त्यात सगळा माल मलबारचा. मेस्त्री हात बांधून बसले.

"मेस्त्रीनू, रंगूनचो साग आता येवचो नाय. थंयच्या सरकारान धंदो ताब्यात घेतलो."

"सरकार काय झाडां खाता? येतलो."

"कधी?"

"तुझ्या वहीत बघ."

असे आठ दिवस गेले. मी दातओठ खात घरी जायचो.

होडीच्या खालच्या कण्याचा ओंडका मेस्त्रीनं निवडायचा आणि होडीच्या मालकानं त्यावर नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. एकदा नारळ फुटला की तो ओंडका बदलत नाहीत. नवव्या दिवशी शेवंती एकटीच नारळ घेऊन वखारीत आली.

"ह्यातलो बरो खंयचो?"

मी जन्मात लाकूड निवडलं नव्हतं. घाबरत घाबरत सर्वांत जाड ओंडक्याकडे बोट केलं. तिनं फाडकन नारळ फोडला.

बातमी कळताच मेस्त्री धावत आले. "गो शेवंत्ये, काय केलंस ह्यां! माका इचारलंस?"

"आठ दिस इचारतंय. आता हो ओंडको माझ्या होडयेचो. बांधतल्यात काय नाय, ता सांगा."

"आणि दाखवल्यान कोणी? ह्या कारकुनान? ह्येका साग आणि फणस तरी कळता?"

ते खोटं नव्हतं.

तीन महिने मेस्त्री माडाच्या झापांच्या मांडवाखाली माझ्या नावानं शिव्या घालत लाकूड तासत होते. पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. आठही खलाशी चढले. मेस्त्री माझ्याशी बोलले नाहीत ते थेट माघापर्यंत. मग एका संध्याकाळी वखारीच्या दारात येऊन उभे राहिले. त्याच आठवड्यात तापानं गेले, म्हणून ते बोलणं शेवटचं.

"शेवंतीच्या होडयेक नवां सुकाणू व्हया. सात फूट फळी दी."

"खंयच्या सागाची?"

"वखारीत आसा तसल्याची. गाठ नको."

"दुपारी धाडतंय."

"सकाळीच धाड."

"बरां."