तुलनेचं गाव

संशोधन या शब्दाची मला चीड आहे, आणि ती मी लपवत नाही. दोन वर्षं मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात घरोघरी फिरून लोकांच्या उदासीची चौकशी केली. झोप लागते का, जीव नकोसा होतो का, उत्तर टॅबमध्ये टाका, पुढचं घर गाठा. प्रकल्प दिल्लीच्या सरांचा, प्रश्न परदेशातले, पायपीट आमची.

अर्ध्या गावांत समुपदेशक जाणार होता. उरलेली अर्धी तुलनेची, म्हणजे तिथे वर्षभर नुसतं विचारायचं, द्यायचं काहीच नाही. कुठलं गाव कशात, हे ठरवायला सरांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि मला म्हणाले, "आप निकालिए, आप तो यहीं की हैं." मीही हौसेने काढल्या. माझ्या ताईचं सासर तुलनेत गेलं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

नातेवाइकाची मुलाखत दुसऱ्याने घ्यायची असा नियम होता, पण दुसरं माणूसच नव्हतं. आमच्याकडे सुनेच्या दुखण्याचं सासूने सांगायचं असतं. पहिल्या भेटीत ताईची सासू म्हणाली, "तिले काय होते? चांगली खाऊन-पिऊन राहिली." मी मुकाट्याने तेच भरलं. अशी किती सासवांची उत्तरं मी सुनांच्या नावावर चढवली असतील, देव जाणे. सर मात्र आकड्यांवर खूश होते.

भाताची रोवणी आटोपल्यावर दुसऱ्यांदा गेले तेव्हा सासू शेजारी गेली होती. ताई खाली बघत म्हणाली, "मले रोज वाटते, बोडीत जाऊन पडाव." बोडीचं ते लहानसं तळं घरामागेच, पाण्याने काठोकाठ भरलेलं.

सरांना फोन लावला. "नोट कर लीजिए, पर्चा दे दीजिए. वहाँ इलाज शुरू किया तो स्टडी बिगड़ जाएगी." पर्च्यावर नागपूरच्या दवाखान्याचा पत्ता होता. ताई उभ्या जन्मात साकोलीपुढे गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डोळे दाखवायला नेते असं सासूला खोटंच सांगून मी तिला घेऊन कोहमाऱ्याहून नागपूरची बस धरली. पुढे दर महिन्याला तेच. चौथ्या महिन्यात ती माझ्याशी पूर्वीसारखी कडाकडा भांडली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

हे ऑफिसात कळायला वेळ लागला नाही. भर मीटिंगमध्ये सर म्हणाले, मी गाव दूषित केलं. माणूस वाचवल्याने गाव दूषित होतं, हे मला नवीनच होतं. मला काढलं आणि ताईची सगळी उत्तरं बाद केली.

ताई तांदूळ निवडत होती, तिला सांगितलं. तिचा हात थांबला.

"मंजे मी मराले निघाली होती, ते बी खोडलं?"

"हो."

"अन् बरी झाली, ते?"

"ते कोणी विचारलंच नाही."