लवूमामांचा बर्फाचा डबा

लवूमामा अंधेरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते, पण खरं काम विचाराल तर ते दर्या वाहायचे. आठवड्यातून दोनदा वर्सोव्याला जायचं, ॲम्ब्रोज नावाच्या कोळ्याच्या होडीतून आत जाऊन स्वच्छ पाण्याचे दोन कॅन भरायचे आणि बसने परत यायचं. एकदा बसमधल्या एका म्हातारीने ते गंगाजल समजून डोळ्यांना लावलं. डोळे चुरचुरले तशी म्हणाली, "अस्सल दिसतंय." मामांनी तिची समजूत मोडली नाही. उगाच कशाला एखाद्याचं पुण्य खारट करा.

हे पाणी लागायचं प्रधानबाईंच्या पोवळ्यांना. वसुधा प्रधान तिथल्या प्राध्यापक. मालवणच्या खडकांवरची जिवंत पोवळी त्यांनी रीतसर परवानगी काढून आणली होती आणि दोन काचेच्या टाक्यांत ठेवली होती. एका टाकीत साधं पाणी, दुसरीत हीटर. पाणी तापलं की पोवळी पांढरी पडतात. ती किती दिवसांत पडतात, एवढंच बाईंना बघायचं होतं.

घोटाळा असा, की मामा स्वतः मालवणचे. गाववाला भेटला की माणूस पाघळतोच, मग तो दगडासारखा दिसेना का. ऐन उन्हाळ्यात त्या बिचाऱ्यांना आणखी उकडायचं, हे मामांच्या जिवाला लागलं. बाई तापमान बघायच्या सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला. दुपारी त्या परीक्षेचे पेपर तपासत. मामांनी जेवणाचा डबा रिकामा केला, फाटकाबाहेरच्या रसवाल्या दत्तारामकडून बर्फ मागून आणला, हीटरचं बटण बंद केलं आणि झाकण गच्च लावून डबा टाकीत तरंगत सोडला. गोडं पाणी मिसळलं तर पोवळी मरतील, एवढं शास्त्र त्यांनाही ठाऊक होतं.

"वायच कळ सोसा रे," ते टाकीत तोंड घालून म्हणायचे, "बरफ हाडलंय."

दीड महिना रोज बारा ते दोन हाच उद्योग; दोनला डबा बाहेर, हीटर परत चालू. मामांची भाकरी वर्तमानपत्रात आणि बर्फ डब्यात. घरी बायकोने, जानकीने, डबा हुंगून विचारलं, "जेवतास खंय तुमी? दर्यात?" मामा गालातल्या गालात हसले.

पोवळी मात्र ठणठणीत. बाई हरखल्या. मामाही फुगले, "आमच्या गावचं पाणीच वेगळं," म्हणत कॉलेजभर मिरवले.

मग एका सकाळी बाई ऑफिसात ऑलिव्ह टायपिस्टकडे आपला शोधनिबंध घेऊन आल्या. "झकास निघालंय गं," त्या म्हणाल्या. "ही पोवळी उष्णता पचवतात. उद्या तिथला समुद्र तापला तरी चिंता नको. खडक जपायच्या सरकारी यादीत आधी दुसरी ठिकाणं घ्या, असंच लिहिलंय मी."

मामा तिथेच चहाचे कप गोळा करत होते. ज्यांना गोंजारलं त्यांच्याच मुळावर आपण उठलो होतो. खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि गप्प बसावं तर तिकडे खडकांवर बर्फाचा डबा घेऊन कोण धावणार?

त्यांनी कप खाली ठेवले. "बाई, मी माती खाल्ली," म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

बाई इतक्या संतापल्या, की ऑलिव्हने टायपरायटरमधला कागद हळूच काढून पालथा ठेवला. दीड महिन्याची मेहनत फुकट गेली होती, आणि तीही एका शिपायाच्या मायेपायी. बोलून बोलून दमल्यावर बाई खुर्चीत बसल्या.

"रोज किती वेळ घालत होतात बर्फ?"

"दोन तास."

"दोनच? आणि बाकी सगळा वेळ गरम पाणी?"

"होय. तुम्ही पाचला यायच्या आत परत तापायचं ना."

बाईंनी पालथा कागद स्वतःकडे ओढला आणि त्यावर भराभर लिहायला लागल्या. "म्हणजे एवढाच विसावा मिळाला तरी जीव तग धरतो? हे तपासायला हवं. मामा, नव्याने सुरू करू. तीन टाक्या, तिन्हींत हीटर. एकीला दोन तास बर्फ, एकीला एक तास. घड्याळ लावून, तुमच्याच हाताने."

नोकरी वाचली होती. मामांनी टोपीने डोळे पुसले.

"आणि तिसरीला?"

"तिसरीला काही नाही. तुलनेला लागते ना."

मामा कप उचलून दारापर्यंत गेले आणि परत आले.

"बाई," ते म्हणाले, "ती तिसरी टाकी दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडे देऊ नका."