लाल चिंधीचा दोर

विसरावी म्हणतो, पण विसरता येत नाही, अशी एक केस माझ्या नोकरीत झाली. गुन्हा उघडकीस आला, वरिष्ठांनी शाबासकी दिली. तरी ती आठवली की घास गोड लागत नाही.

तेव्हा मी डहाणू किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आगर गावाजवळ एक छोटी होडी खडकावर आपटून फुटली. आतला मच्छीमार बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात. दुसऱ्या दिवशी सकाळी निनावी फोन आला, "त्याच्या शेजाऱ्याला विचारा. मासे लागायच्या जागेवरून दोघांची भांडणं होती."

शेजाऱ्याला उचलून आणला नि बसवला लॉकअपमध्ये. मागोमाग त्याची बायको आली.

"साहेब, आज चार वाजता पोरीला बघायला तलासरीकडचे पाहुणे येतायत. बाप कुठे म्हणून विचारलं तर काय सांगू?"

"निर्दोष असेल तर येईल," मी म्हणालो.

अकराच्या सुमाराला माझा हवालदार त्या होडीचा नांगराचा दोर घेऊन आला. हा गडी किनाऱ्यावरचाच. कुठेही गेला की लोक आधी त्याला खुर्ची देत, मग मला. मराठीत, गुजरातीत, लोकांच्या घरच्या बोलीत गप्पा मारत चहाच्या चार कपांत तो जे काढून आणायचा, ते मला चार तास दरडावून मिळत नसे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"साहेब, दोर तुटलेला नाही, कापलेला नाही. पण ही चिंधी जागेवरून हललीय."

हिरव्या दोराला लाल चिंधी बांधली होती. तिच्यापासून पाच-सहा हात पुढे दोराचा बोटभर पट्टा कोरा हिरवा होता, बाकी सगळा उन्हाने विटलेला.

"चिंधी वर्षभर इथे होती," त्या कोऱ्या पट्ट्यावर बोट ठेवून तो म्हणाला. "ही खूण. इथवर दोर सोडला की होडी बरोबर माशांच्या खडकावर उभी राहते. कोणीतरी ती सोडून पाच-सहा हात अलीकडे बांधली. दोर कमी सुटला. काल उधाणाची भरती. पाणी चढलं तसा नांगर उचलला गेला. माणसाचा डोळा लागला असणार. आणि साहेब, ही खूण त्या होडीत बसणाऱ्यालाच माहीत असते. शेजारी त्या होडीत कधी बसलेला नाही. त्या मच्छीमाराचा थोरला भाऊ गेल्या वर्षापर्यंत बसायचा."

पटलं मला. लगेच पटलं. आणि म्हणूनच डोकं सणकलं.

"तपास अधिकारी मी आहे की तू? दोर मुद्देमालात जमा कर आणि चारोटी नाक्यावर बंदोबस्ताला जा."

तो सॅल्यूट मारून गेला. मी शेजाऱ्याला पुन्हा समोर बसवला. तेच प्रश्न, तीच उत्तरं. चार वाजले, पाच वाजले. हाती काही लागेना, तेव्हा निमूटपणे थोरल्या भावाला बोलावलं आणि हवालदारालाही.

हवालदाराने आवाज चढवला नाही. पंचांसमोर दोर भावाच्या मांडीवर ठेवला, चिंधी सोडून हातात दिली. "बांध. नेहमीसारखी."

भावाचे हात न चुकता त्या कोऱ्या हिरव्या पट्ट्याकडे गेले. तिथेच थांबले. मग तो रडायला लागला.

"त्यालाच घोळ लागतो, त्यालाच दाढा लागतो, सगळा महागाचा मासा त्यालाच. एकाच आईची लेकरं आम्ही. माझी बायको रोज त्याच्या टोपलीकडे बघते आणि मग माझ्याकडे. एक दिवस तरी त्याने रिकामं यावं, एवढंच होतं साहेब. मारायचं नव्हतं मला त्याला." निनावी फोनही त्याचाच निघाला.

धाकटा पुढे वाचला. भावाविरुद्ध एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्याचं वाईट चिंतणारा माणूस, थोडंसंच करू, असं म्हणून सुरुवात करतो. पुढे किती होईल ते त्याच्या हातात नसतं. एवढं मी या केसमधून शिकलो, असं पूर्वी भाषणात सांगायचो. पण ते अर्धंच आहे.

सहा वाजता शेजाऱ्याला सोडला. पाहुणे केव्हाच परत गेले होते. बाप लॉकअपमध्ये आहे म्हटल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, हवालदार सकाळी बोलले ते मी आत ऐकलं होतं. मग मला दिवसभर कशाला बसवलं?"

"कागदपत्रं असतात," मी म्हणालो.

कागदपत्रं कसली! माझा हवालदार माझ्यापेक्षा हुशार निघाला, मला ते सहन झालं नाही, म्हणून बसवलं होतं.