रेजिना बाईंचे दोन रकाने

“आँटी गेली, बाई. एकदम अनएक्स्पेक्टेड...” डेन्झिलचा फोन आला तेव्हा मी बोळिंजच्या बाजारात भाजी घेत होते. डेन्झिल हा रेजिना बाईंचा भाचा. बाईंनी लग्न केलं नाही; भाऊ-भावजय गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवलं. त्याच्या तोंडचा तो शब्द ऐकला आणि दुःखाच्या आधी मला संताप आला. अनपेक्षित कोणाला होतं? डॉक्टरांना माहीत होतं, त्याला माहीत होतं, वसईतल्या त्यांच्या सगळ्या आळीला माहीत होतं. जिचं मरण, तिला तेवढं कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं. या गोष्टीला काही आठवडे झाले, माझा संताप मात्र अजून ओसरलेला नाही. तो कमी करून लिहायचं मी ठरवलं होतं, पण ते जमेलसं दिसत नाही.

नालासोपाऱ्याच्या आमच्या मराठी शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या आणि मी मराठी. मधे नुसतं प्लायवुडचं पार्टिशन, त्यामुळे त्यांचा तास मला फुकटात ऐकायला मिळे. इंग्रजी वाक्प्रचार शिकवायची त्यांची एक स्वतःची तऱ्हा होती. माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसते तेव्हा इंग्रज काय काय बोलतो, हा त्यांचा लाडका धडा. फळ्यावर दोन रकाने आखायच्या : ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’. मग एकेक वाक्प्रचार घेऊन विचारायच्या, “बोलणाऱ्याला खरंच माहीत नाही, की तो सांगत नाही?” ‘आय हॅवन्ट अ क्लू’ पहिल्या रकान्यात जाई, कारण तो माणूस बिचारा खरंच कोरा. ‘इट्स अप इन द एअर’, म्हणजे अजून काही नक्की नाही, यावर वर्गात रणकंदन माजे. “बोलतंय कोण ते आधी विचारा,” बाई म्हणायच्या. “क्लार्क म्हणत असेल तर पहिला रकाना, साहेब म्हणत असेल तर दुसरा!” मुलं खो खो हसायची. इकडे माझा वर्ग व्याकरण सोडून भिंतीकडे कान लावून बसायचा आणि मी चिडायचे... खोटं खोटं.

निवृत्तीनंतरही मी त्यांच्याकडे जातच राहिले. त्या आजारी पडल्या, तपासण्या झाल्या आणि त्या घरातली भाषाच बदलली. एरवी डेन्झिल आणि त्याची बायको बाईंशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची. मासळी, भांडणं, नळाचं पाणी सगळं बोलीत, आजार तेवढा इंग्रजीत. “फिंगर्स क्रॉस्ड, आँटी!” म्हणजे सगळं ठीक होवो. “लेट्स सी हाऊ इट गोज.” डॉक्टर म्हणाले, “वी आर नॉट आउट ऑफ द वुड्स येट,” म्हणजे धोका अजून टळलेला नाही. खरं तर तो टळणारच नव्हता. हे सगळं कोणापुढे, तर जिने आयुष्यभर हेच वाक्प्रचार सोलून मुलांच्या हातात दिले तिच्यापुढे! डॉक्टर खोलीबाहेर गेले तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “दुसरा रकाना, सावंत बाई.” मला हसू आलं नाही.

माझ्याजवळ त्यांची एकच मागणी होती. फादरांनी यावं, आजाऱ्याला लावतात ते तेल लावावं आणि त्याआधी त्यांचं पापनिवेदन ऐकावं. “शुद्धीत असताना हवं हो. बेशुद्ध माणूस काय कबूल करणार?” मी थट्टेनं म्हटलं, “तुमची कसली आली आहेत पापं?” “ती तुम्हाला कशाला सांगू?” त्या फटकन म्हणाल्या. मी फाटकापाशी डेन्झिलला गाठून फादरांना बोलवा म्हटलं, बाईंनी मागितलंय एवढं सांगितलं नाही. तो म्हणाला, “बाई, तुम्ही यात पडू नका. फादर तेल घेऊन आले की शेवट जवळ आला हे तिला कळेल. हिंमत खचेल तिची.” मी तडक चर्चमध्ये गेले. फादर भले गृहस्थ, त्यांनी माझ्यासमोरच घरी फोन लावला. पलीकडून डेन्झिलच्या बायकोनं गोड आवाजात सांगितलं, “नॉट येट, फादर. वी विल कीप यू पोस्टेड.” वेळ आली की कळवू म्हणे! त्यानंतर मी गेले की बाई झोपलेल्या असायच्या, निदान मला तसं सांगण्यात यायचं. अखेर घरच्यांनी फादरांना बोलावलं, पण तोवर बाईंची शुद्ध हरपली होती. फादरांनी तेल लावलं. ऐकायचं होतं ते राहून गेलं. प्रेमापोटी केलं म्हणतात सगळे. असेलही. पण या प्रेमानं बाईंकडून जे हिरावून घेतलं ते कोणी भरून देणार आहे का?

परवा चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होती, तेव्हा त्यांच्या घरी गेले. खोली तशीच ठेवली आहे. खिडकीशी एक लहानसं टेबल, त्यावर कडक इस्त्रीचं पांढरं कापड, मधे क्रूस, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या आणि बशीत कापसाचे बोळे. “आजारात तिनंच मांडलं,” डेन्झिल म्हणाला. “उभं राहवत नव्हतं, तरी कापडाला स्वतः इस्त्री केली. आम्हाला वाटलं, प्रार्थनेसाठी असेल.” मी विचारलं, “आणि हा कापूस कशाला?” तो सांगू लागला, “फादर तेल लावतात ना, मग बोटं पुसायला...” आणि मधेच थांबला. मग शाळकरी पोरासारखं मला विचारलं, “बाई, म्हणजे तिला माहीत होतं?”

“होतं,” मी म्हटलं. “पहिल्यापासून. तुमची वाट बघत होती ती.”

तो बाईंच्या पलंगावर बसला आणि हमसून हमसून रडू लागला. त्याच्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता, हे मला कळत होतं. मी फिरवला नाही. टेबलावरच्या मेणबत्त्यांच्या वाती अजून पांढऱ्याशुभ्र होत्या.