जबड्याखालची पिन

मी जन्माची तोंडाळ. आम्ही धामणगाव बढ्याचे, भाजीपाला पिकवणारे. मळ्यावर वांगी घ्यायला येणारा माणूस आधी लांबून बघायचा, आज माय आहे की मी. माय असली तर भाव पाडता यायचा. त्यामुळे त्या हिवाळ्यात माझा गाल सुजला तेव्हा गावानं थट्टाच केली. "आता काही दिवस मळ्यात शांतता हाय बाप्पा!" असं शेजारची काकू म्हणाली. मला तिला खडसावून उत्तर द्यायचं होतं, पण ठणका असा की डोळ्यांतून पाणी आलं.

दाढ किडली होती. लवंग झाली, जवसाचं पोटीस झालं, आणि शेवटी जबड्याखाली हे एवढं गळू आलं. मग बाबा मला खामगावला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला. राहिलेला पू वाहून जावा म्हणून चिऱ्यात रबराची पट्टी घातली आणि तिच्या बाहेरच्या टोकाला एक सेफ्टी पिन अडकवली. "पट्टीला हात लावायचा नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी दाखवायला आणा," असं बजावून त्यांनी घरी धाडलं. पिन कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. डॉक्टरला उलट विचारायचं कसं, असा तो काळ.

मायला मात्र ती पिन बघवेना. तिचा भाऊ पायात खिळा घुसून धनुर्वातानं गेला होता. माय तेव्हा परकरी पोर. त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, बाहेर नुसतं भांडं पडलं तरी त्याचं अंग उलटं वाकायचं आणि दात करकरायचे. उशाशी तीच बसलेली असायची. पुढं आमच्या अंगणात गंजका खिळा दिसला की ती तो लांब नेऊन पुरायची. आणि आता लेकीच्या मांसात लोखंड!

"जखमेत लोखंड ठेवते काय कोनी? त्या डाक्टराचं डोस्कं फिरलं!"

सकाळी तिनं कडुलिंबाच्या उकळलेल्या पाण्यानं हात धुतले आणि पिन अलगद काढून घेतली. पट्टीला बोटसुद्धा लावलं नाही. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं ते पट्टीला, आणि माय शब्दाची पक्की. मलाही बरंच वाटलं, कारण ती मेली पिन सारखी गोधडीत अडकायची.

दुसऱ्या दिवशी पट्टी दिसेना. गळून पडली असेल, केरात गेली असेल, असं सगळ्यांनी धरलं. वरचं फडकं कोरडं ठाक निघालं. बाबांची बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच असायची. तिनं देवापुढं साखर ठेवली. "सुकली वं जखम! पाह्य, पुवाचा एक थेंब नाही!"

मग तोंड उघडेना. आधी भाकरीचा घास जाईना, मग चमचा, मग बोटही. मान ताठ झाली, ताप चढला. जीभ वर टाळ्याला टेकल्यासारखी, थुंकी गिळता येईना. आणि कुणीतरी उंबऱ्यातून तो शब्द उच्चारला. धनुर्वात.

त्या शब्दासरशी घर बदललं. खिडकीला गोणपाट लागलं. भांडी मातीवर उतरवू लागले. आत्या जात्याला हात लावीना. माणसं दाराशी येऊन बघून जात, आणि तीच काकू पदर तोंडाशी धरून रडली. मला सगळं ऐकू येत होतं. मी बोलू शकत नव्हते म्हणून लोकांना वाटे ऐकूही येत नसावं. मी अंग वाकायची वाट बघत पडले होते. खोकला आला की वाटे, हे आलं, आता मणका मोडणार. भीती काय असते ते मला तिथं कळलं.

माय पायथ्याशी बसून पुटपुटत होती, "उशीर झाला वं माह्या हातून. पयल्याच दिशी ते पिन काढाले पायजे होती."

बाबा म्हणाले, खामगावला नेऊ. सगळे त्यांच्यावर तुटून पडले. गाडीच्या धक्क्यानं झटके येतील, रस्त्यातच जाईल पोरगी. मायनं तर त्यांचे पाय धरले. तिचा भाऊ बैलगाडीतून नेताना वाटेतच संपला होता. "माह्या घरात मरू द्या तिले," ती म्हणाली.

ते ऐकलं आणि माझं टाळकं सटकलं. अरे, मी जिती आहे अजून! भिंतीला धरून उठले, खिडकीचं गोणपाट ओढून काढलं. ऊन डोळ्यांत घुसलं. कोपऱ्यातलं पितळेचं ताट उचलून उंबऱ्यावर दाणकन आपटलं. सगळे कानावर हात ठेवून ओरडले. येऊ दे काय यायचं ते, म्हणून मी डोळे मिटून उभी राहिले. अंग वाकलं नाही. मी पुन्हा आपटलं. तरी नाही.

बाबा तडक रस्त्यावर गेले आणि कापसाचा ट्रक थांबवला. केबिनमध्ये मायच्या मांडीवर माझं डोकं होतं. श्वास घेताना घशात घर्र घर्र वाजायचं, आणि तो आवाज थांबला की माय मला हलवून बघायची.

डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि पहिलं विचारलं, "पिन कुठे आहे?"

"मी काढली जी," माय म्हणाली. "धनुर्वात होऊ नये म्हून."

डॉक्टरांनी चिरा पुन्हा उघडला. मी चार जणांनी धरलेली. आत सरकलेली पट्टी निघाली आणि तिच्यामागून पू, त्याचा वास अजून आठवतो. पट्टी आत जाऊ नये म्हणूनच ती पिन होती, आणि पट्टी आत गेली तशी पुवाची वाट बुजली. त्या सुजेनंच जबडा धरला होता. धनुर्वात नव्हताच. "अजून एक दिवस गेला असता तर श्वासच अडला असता," असं डॉक्टर बाबांना म्हणाले. हळूच म्हणाले, पण मायनं ऐकलं.

घरी आल्यावर जखम रोज धुवायची होती. माय त्या कामाला पुढं होईना. पाणी तापवून द्यायची आणि चुलीशी जाऊन बसायची. आता माझं तोंड थोडं उघडायला लागलं होतं. मीच म्हटलं, "माय, तू कर."

ती आली. हात तीनदा धुतले, कापूस पाण्यात भिजवला. तिचा हात जबड्याजवळ आला आणि माझी मान झटकन मागं गेली. मी नेली नाही हो, ती आपोआप गेली. मायनं पाहिलं. कापसातून पाणी माझ्या गोधडीवर टपकत राहिलं.

"आत्याले बलाव," ती म्हणाली.

मी आत्याला हाक मारली.